पोहता येते : नाही

झिरो माईलच्या दगडापाशी उभं राहिलं
की समुद्र सगळ्याच बाजूंनी लांब.
आणि आमचा पणजा म्हणे जहाजावर होता.

'म्हणे' एवढाच पुरावा, तोही भागेरताआत्याचा :
"लढाईत गेला होता बाप्पा, बोटीवर.
पांढरा पायजामा घालून आला
अन् घरात पाय टाकायच्या आधी
कन्हानात जाऊन दोन घंटे बसून राहिला."
कुठली लढाई, कुठली बोट?
"मले काय मालूम. पाण्यातली."

चौतीस वर्षं मी आरएमएसमध्ये
रात्रपाळीला पत्रं खणांत टाकली.
अर्ध्या पत्त्यावरून गाव ओळखायचो,
पावसात फुटलेल्या शाईवरून तालुका.
'पत्ता अपुरा'चा शिक्का मारायला मला कधीच आवडलं नाही.
म्हणून रिटायर झाल्यावर हे एक पत्र घेतलं,
ज्याच्यावर पाठवणाऱ्याचंही नाव नव्हतं.

नाव होतं : उरकुडा.
आधीची दोन पोरं गेली, म्हणून याला
जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून परत उचललं,
यमाला वाटावं, टाकलेलंच आहे, कशाला न्या.
लंडनहून आलेल्या कागदांत तो चारदा सापडतो,
चारदा निराळा :
ओरकूडा, अर्कोडर, यू. कुडा,
आणि बसऱ्याच्या इस्पितळात नुसताच
'कुडा, स्टोकर, ताप, सतरा दिवस'.
यमाला फसवायला ठेवलेलं नाव
शेवटी कारकुनांना फसवत राहिलं.

जिल्हा नागपूर. गाव कामठी, स्पेलिंग विचारू नका.
उंची पाच फूट तीन.
डाव्या मनगटावर गोंदण : मासा.
चाल-चलन चांगली.
पगारातून कपात, एक घोंगडी हरवल्याबद्दल, रुपये तीन.
(तीन रुपयांची घोंगडी! आत्या दोन दिवस हेच बोलत होती.)
आणि खाली, एका बारक्या चौकटीत :
पोहता येते : नाही.

मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
कूलरचं पाणी संपून नुसता पंखा घरघरतोय
आणि मी त्या चौकटीवर भिंग धरून बसलोय.
ढिवराचं पोर.
ज्याला पाळण्याआधी नाव हलवायची माहीत,
जो जाळं सोडवायला कन्हानच्या डोहात
श्वास धरून तळाला जायचा.
नाही?

कदाचित विचारलंच नसेल.
रांग मोठी, ऊन मोठं, कारकुनाचा हात आधीच 'नाही'वर सरावलेला.
कदाचित दुभाष्यानं हिंदीतून काहीतरी विचारलं
आणि यानं नम्रपणे मान हलवली
जशी आम्ही अजूनही हलवतो साहेबाच्या टेबलापुढं.
किंवा, ही माझी आवडती शंका,
त्यानं मुद्दामच सांगितलं असेल.
सगळंच कशाला लिहून द्यायचं त्यांच्या वहीत.

मग त्याला ठेवलं तळाशी, बॉयलरपाशी,
टायग्रिस नावाच्या नदीत,
जी त्याला कधी दिसलीच नसेल.
पत्र्याच्या पलीकडे ती घासत गेली असेल
रात्रभर, हातभर अंतरावरून,
आणि हा कोळसा मारत ऐकत राहिला असेल.

पदक मिळालं होतं. कागदावर आहे.
कडेला नाव कोरलेलं, पाचव्या तऱ्हेचं असणार.
"ते? ते इतवारीत आटवलं,"
आत्यानं पाय पुढं केला.
"हे पाय, जोडवे. मायच्या लग्नात केले."
मी भिंग घेऊन तिच्या पायाशी बसलो.
तिला वाटलं, मी पाया पडतोय.
"सुखी राहा," म्हणाली,
"पण हे शोधून काही पेन्शन भेटते का रे?"

नाही भेटत.

रविवारी कन्हानच्या पुलाखाली गेलो.
वाळूचे ट्रक, गुडघाभर पाणी, त्याच्यावर उन्हाची साय.
चपला काढल्या, पँट वर दुमडली,
आणि तिथंच थांबलो.
मला पोहता येत नाही.
बाबांनाही येत नव्हतं; बाबा गिरणीत गेले, मी पत्रांत.
त्या कारकुनानं घाईत मारलेली फुली
शंभर वर्षं वाट पाहून
आमच्या घरात खरी झाली.

पलीकडे एक पोट्टा म्हशीच्या पाठीवरून
उलटा पाण्यात पडला, वर आला, हसला.
मी त्याला नाव विचारलं.
त्यानं काहीतरी सांगितलं.
ट्रकच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.